गाडी आधी की कर्ज आधी?

(घरात थोडे पैसे जमले की ते कशावर खर्च करावेत, असा प्रश्न पडतो. घरातील प्रत्येकाचे मत वेगळे असते. अशा वेळी हिशेब कसा मांडावा, हे या पाठात एका कुटुंबाच्या उदाहरणातून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, गणिताच्या तासाला तुम्ही सरळव्याजाची उदाहरणे सोडवता. मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करायचा, शंभराने भागायचे आणि उत्तराखाली रेघ मारायची. ते कर्ज कोणी काढले, कशासाठी काढले आणि ते फेडताना त्या घरात काय काय झाले, हे पुस्तकातले उदाहरण कधीच सांगत नाही. आज आपण माणसे असलेले एक उदाहरण घेऊ.

असे समजा, की तुम्ही मालेगावला राहता. मोसम नदीच्या काठी वसलेले, यंत्रमागांच्या आवाजाने दिवसरात्र जागे असलेले हे शहर. तुमच्या अब्बांचे तयार कपड्यांचे लहानसे दुकान आहे. दुकानावर घर भागत नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस ते आसपासच्या गावांच्या आठवडे बाजारांत कपड्यांची गाठोडी घेऊन जातात. चार-पाच दुकानदार मिळून एक टेम्पो ठरवतात. एका बाजाराला जाऊन येण्याचे अब्बांच्या वाट्याला २५० रुपये येतात.

दोन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या आधी दुकानात माल भरायचा होता आणि हाती पैसे नव्हते. तेव्हा अम्मीने आपल्या बांगड्या आणि साखळी काढून दिली. एका पतसंस्थेने हे दागिने तारण ठेवून घेतले आणि १,२०,००० रुपये कर्ज दिले. याला सोनेतारण कर्ज म्हणतात. व्याजाचा दर वर्षाला शेकडा १५. त्यातही २०,००० रुपये कमी पडले. ते मामूंनी दिले. मामूंनी कागद केला नाही, व्याज तर नाहीच नाही. असे बिनव्याजी, विश्वासावर घेतलेले पैसे म्हणजे हातउसने.

येथे थोडे थांबू. पैशांच्या व्यवहारातले कितीतरी मराठी शब्द तुम्हांला घरूनच येतात. कर्ज, रक्कम, जमा, खर्च, बाकी, नफा, वसूल, मुदत हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. काही ठिकाणी मात्र सावध राहावे लागते. उर्दूत ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवस. मराठीत त्याला ‘आठवडा’ म्हणतात, आणि ‘हप्ता’ म्हणजे तुमच्या उर्दूतली ‘किस्त’. तेव्हा बँकेतला साहेब ‘हप्ता कधी भरणार?’ असे विचारतो, तेव्हा तो आठवड्याबद्दल विचारत नसतो!

आता पुन्हा घराकडे येऊ. अब्बा दर महिन्याला पतसंस्थेत जाऊन व्याज भरतात. १,२०,००० रुपयांवर शेकडा १५ दराने वर्षाचे व्याज १८,००० रुपये होते. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. दोन वर्षांत ३६,००० रुपये भरून झाले आणि मुद्दल अजून १,२०,००० रुपयेच आहे. बाराव्या महिन्यात कर्जाची मुदत संपली, तेव्हा अब्बांनी व्याज चुकते करून ते पुढच्या वर्षासाठी चालू ठेवले. व्याज थकले, मुदतही उलटली, तर पतसंस्था आधी नोटीस पाठवते आणि शेवटी दागिन्यांचा लिलाव करते. अब्बांच्या बाबतीत तशी वेळ आलेली नाही. पण व्याज द्यावे लागते, याचे त्यांना पहिल्या दिवसापासून वाईट वाटते आणि पावती खिशात घालताना ते कोणाशी बोलत नाहीत.

याच काळात अब्बा एका भिशीत होते. वीस जण, प्रत्येकाचे महिन्याला ७,००० रुपये. अब्बांनी मुद्दाम शेवटचा नंबर घेतला. गेल्या महिन्यात त्यांना १,४०,००० रुपये मिळाले. भिशीचा पहिला नंबर घेणाऱ्याच्या हाती येते ते एक प्रकारचे कर्जच असते, कारण पुढचे एकोणीस हप्ते त्याला भरायचे असतात. शेवटचा नंबर घेणाऱ्याच्या हाती येते ती त्याची स्वतःची बचत. म्हणून हे १,४०,००० रुपये अब्बांचे आहेत. त्यांवर कोणाचा दावा नाही. निदान कागदावर तरी नाही.

आणि नेमक्या त्याच शुक्रवारी शेजारचे गॅरेजवाले काका एक मोटार घेऊन दारात आले. पांढरी अल्टो, २०१३ सालची, नंबर एमएच ४१ चा, म्हणजे मालेगावच्याच आरटीओत नोंदलेली. किंमत १,४०,००० रुपये.

‘‘भाईजान, गाडी एकहाती वापरलेली आहे. तुमचा टेम्पोचा खर्च वाचेल. मागची सीट पाडली की सगळी गाठोडी बसतात,’’ काका म्हणाले.

पुढचे तुम्हीच ओळखा. धाकटा भाऊ चालकाच्या जागेवर जाऊन बसला. तुम्ही मागच्या काचेत डोकावून पाहिले. अम्मी दारातूनच म्हणाली, ‘‘घेऊन टाका. दादींना नाशिकच्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांना. बांगड्या आज नाही तर उद्या येतील.’’ ज्यांच्या बांगड्या गहाण आहेत त्याच असे म्हणाल्या, म्हणून अब्बा अधिकच विचारात पडले.

तुम्ही दहावीत आहात. अब्बा तुम्हांला हाक मारतात आणि म्हणतात, ‘‘बेटा, वही घे. हिशेब मांड.’’

पहिली गोष्ट, आजचा खर्च लिहून काढा. आठवड्याला तीन बाजार, प्रत्येकी २५० रुपये, म्हणजे ७५० रुपये. महिन्याचे चार आठवडे धरले तर टेम्पोचे ३,००० रुपये होतात. दर तीन महिन्यांनी दादींना नाशिकला नेण्यासाठी भाड्याची मोटार करावी लागते, तिचे ३,००० रुपये. म्हणजे महिन्यामागे १,००० रुपये. व्याजाचे १,५०० रुपये. सगळे मिळून ५,५०० रुपये.

आता गाडी घेतली असे धरा. टेम्पोचे ३,००० वाचले, असे म्हणून लगेच आनंद मानू नका. गाडी पाण्यावर चालत नाही. एका बाजाराला जाऊन येऊन ५० किलोमीटर होतात. महिन्यात बारा बाजार, म्हणजे ६०० किलोमीटर. जुनी गाडी, त्यात माल भरलेला. एका लिटरला १५ किलोमीटर धरू. ४० लिटर पेट्रोल लागेल. पेट्रोलचा भाव लिटरला १०५ रुपये धरा (तुमच्या गावचा भाव वेगळा असेल तर तो घाला). ४,२०० रुपये झाले. म्हणजे जो खर्च वाचणार होता, तोच १,२०० रुपयांनी वाढला! असे का झाले? टेम्पोचे भाडे चार-पाच दुकानदारांत वाटले जात होते. आपली गाडी आपणच एकटे चालवणार.

याशिवाय विमा आहे. इतरांना झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा प्रत्येक मोटारीला कायद्याने सक्तीचा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. तेव्हापासून विना विमा गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास २,००० रुपये दंड आहे. विम्याचे वर्षाला ३,००० रुपये धरू. टायर, बॅटरी, ब्रेक, ऑइल यांचे जुन्या गाडीला वर्षाला १२,००० रुपये धरले, तर काका म्हणतील जास्त धरले. पण तुम्ही तेवढेच धरा. दोन्ही मिळून महिन्याला १,२५० रुपये होतात. नाशिकच्या फेरीला जाऊन येऊन सुमारे २२० किलोमीटर, त्याचे पेट्रोल १,५०० रुपयांच्या आसपास, महिन्यामागे ५००. आणि कर्ज फेडलेले नसल्यामुळे व्याजाचे १,५०० आहेतच. बेरीज करा. ७,४५० रुपये येतात.

गाडी न घेता कर्ज फेडले, तर महिन्याचा खर्च किती? टेम्पोचे ३,०००, नाशिकचे १,००० आणि व्याज शून्य. म्हणजे ४,००० रुपये.

दोन्हींतला फरक ३,४५० रुपयांचा आहे. वर्षाला ४१,४०० रुपये. साडेतीन वर्षांत हा फरक १,४४,९०० रुपये होतो. म्हणजे आज कर्ज फेडले आणि हा फरक दर महिन्याला बाजूला ठेवला, तर साडेतीन वर्षांत अशीच एक गाडी रोखीने घेता येईल आणि डोक्यावर कर्ज नसेल. बाजूला ठेवला तर! तो ‘तर’ फार महत्त्वाचा आहे, हे ज्यांनी भिशी चालवली आहे त्यांना ठाऊक असते.

हा हिशेब पाहून ‘गाडी घेणे वाईट’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. समजा, अब्बा रिक्षाचालक असते. त्यांच्याकडे बिल्ला आहे, परवाना आहे, पण रिक्षा दुसऱ्याची. मालकाला रोज ३०० रुपये भाडे द्यावे लागते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७,५०० रुपये. स्वतःची जुनी रिक्षा घेतली तर हे भाडे वाचते. तिच्या विम्याचे आणि दुरुस्तीचे महिन्याला २,५०० रुपये वजा करा. तरी ५,००० रुपये हाती राहतात. कर्ज फेडून वाचले असते १,५०० रुपये. अशा वेळी रिक्षा आधी घ्यावी आणि तिने वाचवलेल्या पैशांतून कर्ज फेडावे, हेच शहाणपणाचे. महिन्याला ५,००० रुपये याप्रमाणे दोन वर्षांत १,२०,००० रुपये फिटतात. कर्ज तेच, घर तेच, पण उत्तर उलटे. वाहन काय काम करते आणि कर्जाचा दर काय आहे, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या असतात.

दराविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. बँक आणि पतसंस्था दर सांगतात तो वर्षाचा. बाजारातला खाजगी सावकार ‘शेकडा दोन’ म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर सांगत असतो. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. ऐकायला दोन हा आकडा पंधरापेक्षा किती लहान वाटतो! म्हणून कोणी दर सांगितला की लगेच विचारावे, ‘‘महिन्याचा की वर्षाचा?’’ महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, हेही जाणून असा.

धाकट्या भावाने मध्येच एक युक्ती सुचवली. ‘‘अब्बा, बाजार नसेल त्या दिवशी गाडी भाड्याने देऊ. पैसे येतील.’’ युक्ती चांगली होती. पण पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी वापरासाठी असते. भाड्याने प्रवासी न्यायचे तर पिवळी पाटी आणि वेगळा परवाना लागतो. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण सांगून भरपाई नाकारू शकते.

उद्या तुमच्यापैकी कोणी जुने वाहन घेईलच. तेव्हा कागदपत्रे नीट पाहायची असतात. नोंदणी पुस्तकातला चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. पुस्तकात बँकेच्या नावाची नोंद असेल, तर गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज आहे. याला ‘नजरगहाण’ म्हणतात. वस्तू मालकाच्या ताब्यात, पण बँकेची तिच्यावर नजर! ती नोंद काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. न भरलेली दंडाची चलने गाडीबरोबर आपल्या गळ्यात पडत नाहीत ना, तेही पाहावे. विक्रीनंतर नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज आरटीओत द्यावे लागतात. गाडी घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवले पाहिजे. नाव बदलले नाही तर विकणाराही अडचणीत येतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले, की गाडी विकलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. आणि खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१३ ची गाडी २०२८ पर्यंत. त्यानंतर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. पूर्वी त्याचे शुल्क ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. काकांनी या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. त्यांनी लपवल्या असे नाही. अब्बांनी विचारल्या नव्हत्या.

तुमची वही अब्बांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, ‘‘हिशेब बरोबर आहे. पण यात मामूंचे वीस हजार कुठे आहेत?’’

तुम्ही म्हणालात, ‘‘त्यांना व्याज नाही ना, अब्बा. म्हणून मी धरले नाहीत. ते सगळ्यांत शेवटी दिले तरी आपला एक रुपयाही वाढत नाही.’’

गणिताने हे उत्तर चूक नाही. गुरुजींनी पूर्ण गुण दिले असते. ज्या कर्जाचा दर सर्वांत जास्त ते आधी फेडावे, असेच कोणीही सांगेल. पण मामूंच्या घरी काय चालले आहे, ते पाहा. त्यांच्या मुलीचा निकाह दोन महिन्यांवर आला आहे. मामू दर आठवड्याला फोन करतात, सगळ्यांची खुशाली विचारतात, दादींच्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि फोन ठेवतात. पैशांचे नाव काढत नाहीत. अम्मीच्या हे केव्हाच लक्षात आले होते. तिने अब्बांना सांगितले नव्हते, कारण मामू तिचे भाऊ. आपण बोललो तर माहेरची बाजू घेतल्यासारखे दिसेल, असे तिला वाटत होते. मामूंना निकाहासाठी दुसरीकडून कर्ज काढावे लागले, तर त्याचे व्याज ते भरतील. ते व्याज तुमच्या वहीत दिसणार नाही, कारण वही तुमच्या घरची आहे.

त्याच संध्याकाळी अब्बा आणि अम्मी मामूंकडे गेले. मामूंनी आधी ‘‘एवढी घाई कशाला?’’ म्हटले, मग पैसे घेतले. मोजले नाहीत. अम्मीने मोजायला लावले.

शनिवारी पतसंस्थेत जायचे होते. मुदतीआधी कर्ज फेडल्यास काही ठिकाणी जादा आकार घेतात. म्हणून अब्बांनी आधी जाऊन विचारले आणि त्या दिवसापर्यंतचे व्याज किती, ते कागदावर लिहून घेतले. दादींनी एक शंका काढली, ‘‘सगळे पैसे देऊन टाकले आणि अडचण आली तर?’’ शंका रास्त होती. अम्मीने उत्तर दिले, ‘‘बांगड्या घरी असतील ना, अम्मीजान.’’ सोने अर्ध्या तासात पुन्हा तारण ठेवता येते. बारा-तेरा वर्षांची गाडी विकायला निघालो तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत महिने जातात आणि घेतलेली किंमतही येत नाही.

दागिने परत घेताना ते आपल्यासमोर वजन करून घ्यावेत. कर्ज घेताना दिलेल्या पावतीवर प्रत्येक दागिन्याचे वजन लिहिलेले असते, त्याच्याशी जुळते का ते पाहावे. अब्बांनी तसेच केले. मग ‘बेबाकी दाखला’ मागितला. कर्ज पूर्ण फिटले, काही बाकी नाही, असे लिहून दिलेला हा दाखला. या शब्दाची एक गंमत तुम्हांला तुमच्या उर्दूच्या गुरुजींपेक्षा चांगली कोण सांगणार? उर्दूत ‘बेबाक’ असे दोन शब्द आहेत. एक मोठ्या काफचा, त्याचा अर्थ ज्याच्याकडे काही बाकी नाही तो. दुसरा लहान काफचा, त्याचा अर्थ निर्भय. मराठीत दोन्ही एकाच ‘क’ने लिहावे लागतात.

गॅरेजवाल्या काकांची पांढरी अल्टो आठ दिवसांत दुसऱ्या कोणीतरी नेली. धाकटा भाऊ दोन दिवस रुसला होता. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला अब्बा बाजाराला निघाले, तेव्हा सवयीने पतसंस्थेच्या रस्त्याला वळले आणि चौकातून परत फिरले. वाचलेले १,५०० रुपये त्यांनी अम्मीकडे दिले. अम्मीने ते एका रिकाम्या डब्यात टाकले आणि डब्यावर कागद चिकटवून उर्दूत लिहिले, ‘दादी की गाडी’.

स्वाध्याय

१. अब्बांनी भिशीचा शेवटचा नंबर घेतला, याचा काय फायदा झाला?

२. गाडी घेतल्यावर टेम्पोचा खर्च वाचूनही महिन्याचा खर्च का वाढला असता? आकडे देऊन लिहा.

३. पतसंस्थेचा दर वर्षाला शेकडा १५ ऐवजी शेकडा ७ असता, तर महिन्याचे व्याज किती झाले असते? मग दोन्ही खर्चांतला फरक किती उरला असता?

४. ‘‘मामूंचे पैसे शेवटी दिले तरी चालतील,’’ हे तुम्हांला पटते का? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

५. पुढील मराठी शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते घरी विचारून लिहा : व्याज, मुद्दल, हप्ता, तारण, हातउसने, बचत.

६. तुमच्या घरचा एका आठवड्याचा प्रवासखर्च घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा. रिक्षा, एसटी, पेट्रोल असे वेगवेगळे रकाने करा.